न आलेल्यांचा वाटा

एका जंगलात, जिथे चैत्र लागला की दिवस आधी वासाने उजाडायचा आणि मग उजेडाने, एक हरिणी राहत असे. जंगलाच्या मधोमध मोहाचे जुने झाड होते. पहाटे त्याची पिवळसर फुले टपटप गळत, धुक्यात गोड वास पसरे आणि त्या वासामागे सगळे अर्धवट झोपेत झाडाखाली जमत. गवे यायचे, ससे यायचे, कोल्हा आपल्या कोल्हिणीला घेऊन यायचा. मोरही यायचा, पण पिसारा आवरून; फुले वेचताना मिरवायला सवड कुणाला असते? पोट भरले की निघण्याआधी प्रत्येकाने थोडी फुले बाजूला सारायची, अशी तिथली रीत होती. जो आजारी असेल, म्हातारा असेल, जी नुकतीच बाळंत झाली असेल, त्यांच्यासाठी तो ढीग असे. त्याला ‘न आलेल्यांचा वाटा’ म्हणत, आणि ज्याच्या वाटेवर त्यांचे घर लागे तो नेऊन पोचवी.

मुलांनो, पुढचे सांगायला माझी जीभ रेटत नाही, पण सांगितल्यावाचून गोष्ट पुढे सरकायची नाही. एका पहाटे धुक्यातून रानकुत्र्यांची टोळी आली. ती भुकेने आली नव्हती. भूक असती तर एकाला उचलून गेली असती. तिने दिसेल त्याला फाडले आणि काहीही न खाता निघून गेली. हरिणीचे पाडस त्यात गेले. त्याला अजून फूल चावताही येत नव्हते. आई खाते म्हणून तेही नुसते तोंड हलवत होते.

जो तो आपल्या बिळात, जाळीत दडून बसला. दुपारी म्हातारे साळिंदर सशाला घेऊन हरिणीकडे आले.

“ताई, टोळीला वाट कुणी दाखवली असेल, सांग बरं!” ससा कुजबुजला. “कोल्ह्यानंच. तेच कान, तेच शेपूट.”

“उद्या सूर्य वर आला की त्याला रानाबाहेर हुसकून लावू,” साळिंदर म्हणाले. “तू पुढं हो, पोरी. तुझ्यासमोर तोंड उघडायची त्याची टाप नाही.”

खरे सांगायचे तर हरिणीला ते ऐकून बरे वाटले. राग आला की थोडा वेळ दुःख कळत नाही.

पण दुसऱ्या पहाटे तो वास आला आणि तिचे पाय आपोआप झाडाकडे वळले. तिथे कुणीच नव्हते. फुलांत खूर बुडत होते. धुके इतके दाट होते की पाडस पलीकडेच उभे आहे, आत्ता येऊन अंगाला अंग घासेल, असे तिला वाटत राहिले. तिने एक फूल तोंडात घेतले, ते गिळवेना. सवयीने तिने थोडी फुले नाकाने बाजूला सारली आणि ती थबकली. आज कोण आले नव्हते? सगळे रानच आले नव्हते. म्हणजे खाली पडलेले हे सगळेच न आलेल्यांचे होते.

मग ती कामाला लागली. पळसाच्या पानावर फुले घ्यायची, पान दातात धरायचे आणि दारोदार जायचे. मोर उंच फांदीवर मान पिसांत खुपसून बसला होता, तो खाली उतरला. सशाने बिळातून नुसते नाक बाहेर काढले.

“ताई, आज तर कोल्ह्याला...”

“आधी खाऊन घे,” हरिणी म्हणाली.

शेवटी एकच घर उरले. त्या वाटेला तिचा पाय उचलेना. ‘या घरी नाही गेले तर कोण मला बोल लावणार आहे?’ तिने स्वतःला विचारले. तरी ती गेली.

कोल्हा दारातच पडला होता. त्याच्या पोटाशी भुकेली पिल्ले कुईकुई करत होती. “यांची आई कुठं आहे?” हरिणीने पान खाली ठेवून विचारले.

“मोहापलीकडच्या करवंदीच्या जाळीत. कालपासून,” कोल्हा म्हणाला. “तिलाही सोडलं नाही त्यांनी. तुम्ही सगळे आपापल्यांपाशी रडलात. तिच्यापाशी मलाही जाता आलं नाही. आलो असतो तर माझे कान बघून तुम्ही मला मारलं असतं.”

हरिणीला आपल्या कालच्या रागाची लाज वाटली. “पिल्लांना खाऊ दे,” ती म्हणाली. “मग त्यांना घेऊन माझ्याबरोबर चल. तिच्यापाशी बसू.”

सूर्य वर आला तेव्हा सगळे कोल्ह्याला हुसकायला निघाले, आणि वाटेतल्या करवंदीच्या जाळीपाशी येऊन थांबले. मेलेल्या कोल्हिणीजवळ कोल्हा बसला होता आणि हरिणीच्या कुशीत कोल्ह्याची पिल्ले झोपली होती.

“बाजूला हो, पोरी!” साळिंदराने काटे खुळखुळवले.

“होणार नाही, आजोबा. यांची आईही इथंच गेली.”

साळिंदराचे काटे हळूहळू खाली बसले. तेवढ्यात कोल्ह्याने नाक वर केले. “आले! पळू नका, पळणाराच सापडतो. जवळ या!” धुक्यात पुन्हा ती टोळी उभी होती. या वेळी कुणी पळाले नाही. गव्यांनी बाहेर तोंडे करून कडे केले, मधल्या फटीत साळिंदर बसले, कोल्हा पुढे उभा राहिला. लहानसहान सगळे आत. एकटा कुणीच सापडेना, तेव्हा टोळी गुरगुरली, घुटमळली आणि निघून गेली.

सगळे वाचले, आणि तेव्हा हरिणीला रडू फुटले. तिने पाडसाला हाक मारली, सांजेला घरी बोलवायला मारतात तशी, मोठ्याने. उत्तर यायचे नव्हतेच. तिचा आवाज बसला, तेव्हा साळिंदराने तीच हाक उचलली. मग सशाने, मग कोल्ह्याने. मग एका गव्याने कोल्हिणीला हाक मारली. त्यानंतर कोण कुणाचे हे कुणी पाहिले नाही. गेलेल्या प्रत्येकाला सगळ्यांनी मिळून हाक मारली, तोवर धुके विरून ऊन आले होते.

तात्पर्य : घाव घालणाऱ्याला आपल्याला एकेकटे करायचे असते, म्हणून दुःखाच्या दिवशी दार लावून बसू नये, ज्याच्याकडे कुणीच गेले नाही त्याच्याकडे आधी जावे.