वाळूतल्या गाडीचा नवा ब्रेक

आंबेवेळ गावात एक भोळा भाऊ होता आणि त्याची एक शहाणी बहीण होती. भावाचं नाव दत्ताराम. शहाणी म्हणजे मी, सुगंधा.

समुद्रकिनाऱ्यावर पर्यटकांना वाळूत फिरवायची गाडी आमची. चार जाड चाकांची, हँडलवाली एटीव्ही. वाळू आणि खारं पाणी खाऊन तिचे जुने ड्रम ब्रेक मेले होते. एकदा ती थेट भेळेच्या गाडीत शिरली. सरपंच मालतीकाकूंनी बजावलं, की ब्रेक लागलेला दाखवल्याशिवाय ही गाडी किनाऱ्यावर फिरवायची नाही. दिवाळीची सुट्टी तोंडावर आलेली, आणि आमचं घर त्या गाडीवरच चालायचं.

मग मी डिस्क ब्रेकचं किट मागवलं. मोबाइलवर व्हिडिओ पाहिले आणि आपल्याला सगळं येतं असं ठरवून टाकलं. हात दत्तारामचे, डोकं माझं, अशी वाटणी झाली.

दत्तारामने चाकावर डिस्क बसवली. झकास बसवली. मी म्हटलं, "फिरणाऱ्या भागाला ग्रीस लाव," आणि चहा ठेवायला गेले. मला चाकाचं बेअरिंग म्हणायचं होतं. पण डिस्कही फिरते. त्याने तिला दोन्ही बाजूंनी लोण्यासारखं ग्रीस चोपडलं. ब्रेक दाबला तरी गाडी खुशाल पळत राहिली आणि वाळत घातलेल्या जाळ्यांत जाऊन अडकली.

मी त्याला समजावलं, की डिस्क कोरडी असेल तरच ब्रेकचे पॅड तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात. चकचकीत लोखंडावर तेलाचा थेंब राहता कामा नये, घासून पूस. त्याने मान डोलावली आणि डिस्क पुसली. गाडीची साखळीही चकचकीत होती, म्हणून तीही रॉकेल लावून कोरडी ठणठणीत केली. वर माझं शिवणयंत्र पुसून ठेवलं. साखळी थोडा वेळ कुरकुरली आणि तुटली. शिवणयंत्र अजून कुरकुरतंय.

नवी साखळी चढवली. आता राहिलं ब्रेकचं तेल. तेल भरताना नळीत हवा अडकते, आणि हवा राहिली की ब्रेकची लिव्हर पोकळ लागते. हे मला व्हिडिओवरून पाठ झालेलं. मी ऐटीत म्हटलं, "हवा सगळी काढ. एक बुडबुडा राहता कामा नये."

कुठली हवा, ते सांगायचं राहिलं.

मी बाजारात जाऊन परत आले तर गाडी पोट टेकून बसलेली. चारही चाकं चपटी. बुडबुडा राहिला नाही ना, हे बघायला त्याने एक चाक काढून पिंपात बुडवलं होतं. शेजारच्यांची बनाना बोट, पर्यटकांना लाटांवर फिरवायची हवा भरलेली रबरी बोट, वाळूवर सालपटासारखी पडली होती.

"तिच्यात तर फारच होती, ताई," तो म्हणाला.

शेजाऱ्यांची बोलणी मी खाल्ली. मग चाकांत हवा भरली, नळीतली काढली. लिव्हर दगडासारखी घट्ट लागली. ब्रेक खरंच उत्तम झाला होता. आता बंदोबस्त करायचा होता तो दत्तारामचा. त्याला समोर बसवून मी सांगितलं, "मी तोंडाने सांगितल्याशिवाय काही करायचं नाही. दाबायचं नाही, सोडायचं नाही."

"बरं, ताई."

सकाळी सगळं गाव किनाऱ्यावर जमलं. मालतीकाकू सर्वांत पुढे. दत्ताराम हँडलवर, मी मागे, कारण सांगायला कुणीतरी हवं. मी म्हटलं, "रेस दे." त्याने दिली. गाडी सुसाट निघाली. समोर समुद्र मोठा मोठा होत आला. मला "ब्रेक दाब" म्हणायचं होतं, पण भीतीने माझी दातखीळ बसली. मी त्याच्या पाठीवर बुक्क्या मारल्या. पण बुक्क्या मारणं म्हणजे काही तोंडाने सांगणं नव्हे.

गावासमोर गाडी लाटांत शिरली, गुरगुरली आणि बंद पडली. आम्ही छातीभर पाण्यात बसून होतो. एक लाट माझ्या डोक्यावरून गेली. दत्तारामने मान वळवली आणि अगदी नम्रपणे विचारलं, "ताई, आता दाबू?"

मी म्हटलं, "दाब."

त्याने दाबला. ब्रेक एकदम मस्त लागला.