कानस लावण्याचं कारण

"...पण कारण कशाला हवं, तात्या? कानस द्या, एवढंच म्हणतोय."

तात्या मगदुमांनी कानस शर्टाच्या खिशातच राहू दिली.

रिमोटवर पळणाऱ्या छोट्या गाड्यांची शर्यत हा कोल्हापुरात काही जणांचा रविवारचा धर्म आहे. गाडी हातभर, इंजिन लिंबाएवढं, आवाज मात्र गावभर. ती इंजिनं घासून पळती करण्यात तात्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. नियम एकच. पटेल असं कारण सांगितल्याशिवाय शिष्याला कानस मिळायची नाही.

अभिनंदन चौगुले हा त्यांचा सर्वांत हुशार शिष्य. हे मत अभिनंदनचं.

येत्या शर्यतीत सांगलीकरांना धूळ चारणार, असं त्याने पेठेत सांगून ठेवलं होतं. पेठेत सांगितलेलं परत घेता येत नाही. सांगलीकरांची इंजिनं घासलेली होती. याचं अजून कंपनीतून आलं तसंच.

वेग वाढेल, असं त्याने सांगून पाहिलं. तात्या म्हणाले, मग मोठं इंजिन बसव.

तापणार कमी, म्हणाला. बंद ठेवलंस तर मुळीच तापणार नाही, असं उत्तर आलं.

शेवटी सांगलीकरांना हरवायचंय म्हणाला. तात्यांनी सुचवलं, त्यांना फोन करून सावकाश चालवायला सांग.

अभिनंदनचे कान लाल झाले.

"हे इंजिन दुकानात जाईल त्याला मिळतं," तो म्हणाला. "यात माझं काय आहे?"

तात्यांनी खिशात हात घातला.

कानस काढून त्यांनी त्याच्या हातावर ठेवली.

आठवडाभर अभिनंदन धूर बाहेर पडायच्या वाटेचं तोंड घासत बसला. जरासं घासायचं, भिंगातून बघायचं, जोडून आवाज ऐकायचा. जास्त घासलं गेलं तर इंजिन भंगारात. शनिवारी त्याने मैदानावर गाडी सोडली. ती वळणातून अशी सुटली की तात्या तोंडातलं पान चघळायचे थांबले.

"कुणाचं काम?"

"माझं," अभिनंदन म्हणाला. "असं इंजिन दुसरीकडे दाखवा मला."

तात्यांनी ते गार होऊ दिलं, सोडवलं, फडक्याने पुसलं आणि त्याच्या हातात दिलं. मग पिशवीतून कंपनीचं कोरं इंजिन काढून ते गाडीला बसवू लागले.

"तात्या, उद्या शर्यत आहे."

"म्हणूनच."

"आणि माझं इंजिन?..."

तात्या स्क्रू आवळत राहिले.

"ते तुझं झालं ना? मग आता त्याने कुणाला कशाला हरवायचं?"