बिनडागी दाढ

फार पूर्वी भिवा शिंप्याच्या तोंडात असंख्य जंतू राहत. बहुतेक सगळे निरुपद्रवी होते. ते दाटीवाटीने राहून उपद्रवी जंतूंना जागा मिळू देत नसत.

एकदा हिरडीतून रक्त आलं. भिवाने दोष दातवणाला दिला आणि त्या बाजूने ते फिरवणंच बंद केलं. घाण साचली, उपद्रवी जंतू वाढले.

"दाढबाई, हे तुमच्या मुळाकडे निघालेत," हिरडी म्हणाली. "जरा ठणका, म्हणजे मालक लक्ष देईल."

"मी का ठणकू? माझ्यावर एक डाग नाही. तुझं तू बघ."

हिरडी सुजली, मग सैल पडली.

एका सकाळी भाकरी चावताना दाढ निखळली. भिवाने ती तळहातावर घेऊन उजेडात पाहिली.

"एक डाग नाही हिच्यावर," तो बायकोला म्हणाला.

दाढेला बरं वाटलं. मग त्याने ती उकिरड्यावर टाकली.