चुनीचं कार्ड आणि आत्याचा पाय

एक होती चिचुंद्री. तिचं नाव चुनी. चुनीकडे होतं एक युकुलेले. दिसायला गिटारसारखं, पण चिमुकलं. तारा चार.

चुनी अजून शिकत होती. म्हणून तिच्याकडे एक कार्डही होतं. खिशात मावेल एवढंच. कार्डावर चार सुरांची चार चित्रं. चित्रातल्या रेघा म्हणजे तारा. रेघांवर ठिपके. ठिपका तिथे बोट. सोपं होतं. पण कार्ड हवं.

मंगळवारी सकाळी चुनी अंगणात वाजवायला बसली. कार्ड समोर ठेवलं. बकुळाआत्या नाचायला उभी राहिली.

पहिला सूर वाजला. टिंग. आत्याने कंबर हलवली.

दुसरा सूर वाजला. टुंग. आत्याने एक पाय वर केला.

आणि वारा आला. भुर्रर्र. कार्ड उडालं.

आता तिसऱ्या सुराला बोटं कुठे ठेवायची? चुनीला आठवेना. आत्याचा पाय वर तो वरच.

"आत्या, पाय खाली ठेव ना," चुनी म्हणाली.

"गाणं थांबलंय," आत्या म्हणाली. "माझा नाच थांबलेला नाही. तिसरा सूर वाजला, की पाय खाली."

"पडशील."

"मग लवकर जा."

चुनीने युकुलेले पाठीला बांधलं आणि निघाली. तुरुतुरु तुरुतुरु, पाठीवर टिंग.

कार्ड पडलं होतं कोंबडीच्या टोपलीत. कोंबडी त्याच्यावर बसली होती.

"कोंबडीताई, कोंबडीताई, ऊठ ना. तुझ्याखाली माझं कार्ड आहे."

"कार्ड नाही. अंडी आहेत," कोंबडी म्हणाली. "गोल गोल, काळी काळी. सात आहेत."

"ते ठिपके आहेत."

"तुला ठिपके वाटतात. मी उबवते आहे. एकवीस दिवसांनी ये."

"पण आत्याचा पाय वर आहे."

कोंबडीने विचार केला. "जेवायला मात्र मी उठते. पोतं दाणे देईल, तर मी उठेन. पोत्याकडे जा."

चुनी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु, पाठीवर टिंग.

ओसरीवर होतं ज्वारीचं पोतं. लठ्ठ.

"पोतेकाका, पोतेकाका, दाणे द्या ना.
कोंबडी जागची उठेना,
कार्ड काही मिळेना,
आत्याचा पाय खाली येईना."

"दिले असते," पोतं म्हणालं. "पण माझं तोंड सुतळीने बांधलंय. गच्च."

"मग बोलता कसे?"

"जेमतेम," पोतं म्हणालं. "शेळी सुतळी चावेल, तर मी दाणे देईन. शेळीकडे जा."

चुनी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु, पाठीवर टिंग.

लिंबाखाली होती शेळी. ती कुणाकडेच बघत नव्हती.

"शेळीमावशी, शेळीमावशी, सुतळी चाव ना.
पोतं दाणे देईना,
कोंबडी जागची उठेना,
कार्ड काही मिळेना,
आत्याचा पाय खाली येईना."

"जाड सुतळी की बारीक?" शेळीने विचारलं.

"जाड."

"जाड चांगली लागते. पण माझं तोंड कोरडं पडलंय. कोरड्या तोंडाने मी काही खात नाही. नळ पाणी सोडेल, तर मी सुतळी चावीन. नळाकडे जा."

चुनी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु, पाठीवर टिंग.

वाटेत आत्या उभी होती. एका पायावर.

"मिळालं का?" आत्याने विचारलं.

"नाही. दमलीस?"

"कोण दमलंय?" आत्या म्हणाली. ती थोडी डावीकडे कलली होती.

अंगणाच्या टोकाला होता नळ.

"नळदादा, नळदादा, पाणी सोड ना.
शेळी सुतळी चावेना,
पोतं दाणे देईना,
कोंबडी जागची उठेना,
कार्ड काही मिळेना,
आत्याचा पाय खाली येईना."

नळ खाकरला. खर्रर्र.

"माझ्या तोंडात गोगलगाय बसली आहे," तो म्हणाला. "रविवारपासून."

"तिला ऊठ म्हणालास?"

"छे. तिला वाईट वाटेल. ती आपणहून निघेल, तर मी पाणी सोडीन. तूच बोल तिच्याशी. ती शंखात आहे."

चुनी नळावर चढली. सर सर सर. तिने शंखावर टकटक केलं. टक टक टक.

"गोगलगायबाई, गोगलगायबाई, बाहेर ये ना.
नळ पाणी सोडेना,
शेळी सुतळी चावेना,
पोतं दाणे देईना,
कोंबडी जागची उठेना,
कार्ड काही मिळेना,
आत्याचा पाय खाली येईना."

"अगंबाई," शंखातून आवाज आला. "मला कुणी सांगितलंच नाही. निघते."

चुनी थांबून राहिली. "आणि तुला काय हवं?"

"मला काय हवं असणार? निघते म्हटलं ना."

गोगलगाय निघाली.

आधी एक शिंग निघालं.

मग दुसरं शिंग निघालं.

मग ती जरा थांबली.

चुनीने आत्याकडे बघितलं. आत्या आता उजवीकडे कलली होती.

मग गोगलगायीची मान निघाली.

"माझी काळजी करू नका," आत्या लांबून म्हणाली. तिचा पाय लटलट हलत होता.

मग थोडं अंग निघालं. मग आणखी थोडं अंग निघालं. मग शंख निघाला. सुळुक.

गोगलगाय निघाली, नळाने पाणी सोडलं. धो धो धो.

नळाने पाणी सोडलं, शेळी पाणी प्याली. गुटूगुटू.

शेळी पाणी प्याली, तिने सुतळी चावली. कर कर कर. आणि खाऊनही टाकली.

शेळीने सुतळी चावली, पोत्याने दाणे दिले. भुर भुर भुर.

"आता मला नीट बोलता येतं," पोतं म्हणालं. आणि गप्प बसलं.

पोत्याने दाणे दिले, कोंबडी जागची उठली. टोपलीत होतं कार्ड. छान गरम झालं होतं. चुनीने ते उचललं.

"सात आहेत," कोंबडी दाणे टिपता टिपता म्हणाली. "नीट सांभाळ."

चुनी धावली. तुरुतुरु तुरुतुरु, पाठीवर टिंग टिंग टिंग.

आत्या पुढे कलली होती. आत्या मागे कलली होती. आत्याने डोळे मिटले होते.

चुनीने कार्ड ठेवलं. कोपऱ्यावर दगड ठेवला. तिसरं चित्र शोधलं. तीन ठिपके. पहिल्या ठिपक्यावर एक बोट. दुसऱ्या ठिपक्यावर एक बोट. तिसऱ्या ठिपक्यावर एक बोट.

टांग.

आत्याचा पाय खाली आला. धप्प.

टोपलीजवळ कोंबडीने मान वर केली. "एक पिल्लू निघालं वाटतं," ती म्हणाली. आणि परत दाणे टिपू लागली.

"बरा वाजवलास," आत्या म्हणाली. "आता चौथा." आणि तिने दुसरा पाय वर केला.

चुनीने चौथा सूर वाजवला. लगेच वाजवला.

पाय आला खाली,
आपली गोष्ट झाली.