यशोधनचे दोन गठ्ठे

“पण शास्त्रीबुवा, चूक प्रोग्रामचीच आहे ना?”

यशोधनने दुसऱ्यांदा विचारलं. लहानपणी ज्यांच्या पाठशाळेत तो शिकला, त्या वामनशास्त्रींपुढे त्याने निबंधांचे दोन गठ्ठे मांडले होते. एकात मुद्दाम दुसऱ्याचं उचलून, शब्द फिरवून लिहिलेले. दुसऱ्यात अस्सल. वाङ्मयचोरी पकडणारे प्रोग्राम या संग्रहावर पारखायचे, आणि जो पास होईल तो पुढे शेकडो पोरांच्या पदव्या ठरवणार. संग्रह उद्याच विद्यापीठात द्यायचा होता.

स्वारी खरं तर शाबासकी घ्यायला आली होती. पण एक निबंध नडत होता. अस्सल गठ्ठ्यातला, खुद्द यशोधनचा. त्यातल्या ओळी पाठशाळेच्या जुन्या वार्षिक अंकातून उचलल्यात, असं प्रत्येक प्रोग्राम सांगत होता. तो अंक आपण जन्मात हातात धरला नाही, असं यशोधन तावातावाने म्हणाला. आणि ते खरंही होतं.

“वाच,” शास्त्रीबुवा म्हणाले.

“नदी घाट बांधणाऱ्याची होत नाही…”

“…पाणी भरायला येणाऱ्याची होते,” शास्त्रीबुवांनी डोळे मिटूनच वाक्य पुरं केलं.

यशोधनला आठवलं. शुद्धलेखनाचा तास, मांडीवरची पाटी आणि हाच आवाज. अंकातही ते शास्त्रीबुवांनीच लिहिलं असणार, आणि वीस वर्षं तो हे वाक्य आपलंच समजून वापरत होता.

निबंध काढूनच टाकतो, कुणाला कळायचं नाही, असं तो पुटपुटला.

शास्त्रीबुवा उठले, कोनाड्यातून एक पिवळी पडलेली वही आणली आणि शेवटचं पान उघडलं. उतरवून घेतलेलं कुणाचं, ते शेवटी लिहायचं, ही पाठशाळेची रीत. शास्त्रीबुवांच्या तरुणपणच्या अक्षरात तिथे लिहिलं होतं : ‘हे सर्व गुरुजी भिकंभटांच्या तोंडून ऐकलेले. अक्षर तेवढे माझे.’

यशोधनने ते पान पुन्हा एकदा वाचलं.

मग त्याने आपला निबंध पुढे ओढला आणि शेवटी शास्त्रीबुवांचं नाव लिहिलं. डोळे भरून आले. एवढं दिलंत आणि मी साधं नावसुद्धा घेतलं नाही, म्हणत त्याने त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं.

जरा वेळाने त्याने भीतभीत विचारलं, “आता हा कुठल्या गठ्ठ्यात घालू?”

शास्त्रीबुवांनी आपली वही मिटली. दोन्ही गठ्ठ्यांपासून लांब, जमिनीवर ठेवली.

“हिच्यावर ठेव.”