झाडलेलं पाऊल

पूर्वी सुमंगल नावाच्या नगरात अरिंदम राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वांनी केरसुण्या बांधणाऱ्याच्या घरी जन्म घेतला होता. नगराच्या कडेला, तटाला लागून एक आळी होती, तिथं त्यांचं घर. रानातून शिंदीची पानं आणावी, वाळवावी, चिरावी, मूठ वळून केरसुणी बांधावी आणि दारात बसून विकावी, यातच त्यांचे केस पिकले. बायको वारली होती, मूलबाळ नव्हतं.

आता या नगरात एक कायदा होता. तो राजानं चांगल्या मनानं केला होता, हे आधी सांगितलं पाहिजे. नगरात पागी होते. पागी म्हणजे पावलांवरून चोराचा माग काढणारा माणूस. राजानं ठरवलं की चोराचा माग ज्या आळीत जाऊन थांबेल त्या आळीनं चोर हजर करावा, आणि करीपर्यंत राजाच्या शिपायांनी त्या आळीत राहावं, तिचंच अन्न खावं. राजाला वाटलं, अशानं प्रत्येक आळी आपापली राखण करील.

सुरुवातीला तसं झालंही. लोक पाळीपाळीनं जागत, एकमेकांना हाका घालत. मग एकदा माग कुंभारआळीत जाऊन थांबला. चोर काही मिळेना. शिपाई राहिले ते पावसाळाभर राहिले. आधी कणगीतलं धान्य संपलं, मग बियाण्याचं संपलं, मग लोक चाकं आणि भट्ट्या टाकून निघून गेले. ते बाकीच्या आळ्यांनी पाहिलं. तेव्हापासून पहाटे उठून दारासमोरची माती झाडून टाकायची आणि वर सडा घालायचा, अशी रीत पडली. पाऊल उमटलेलं असलं तरी सूर्य उगवायच्या आत ते पुसलेलं असायचं.

रीत पडली की तिचं कारण मागं पडतं, नाही का? पुढं आया लेकींना सांगू लागल्या, झाडलेल्या अंगणात लक्ष्मी येते. नवी सून कशी आहे हे तिच्या पहाटेच्या झाडण्यावरून ठरू लागलं. चोरांना मात्र कारण नीट ठाऊक होतं. ज्या गावात चोराच्या मागून मालकच केर काढत येतो, तिथं चोराला कसले कष्ट? आधी तांब्याची भांडी गेली, मग कोकरं गेली, मग दावणीचे बैल जाऊ लागले. कुणी तक्रार नेली नाही. तक्रार नेली की पागी येणार, आणि पागी आला की कुणाच्या तरी दारात थांबणार. ज्याचं गेलं तोच म्हणायचा, आमचं काही गेलं नाही.

बोधिसत्त्वांचा धंदा त्या दिवसांत फार चालला. केरसुणी टोकाला झिजायच्या आत लोक नवी न्यायला येत. घर धान्यानं भरलं. त्यांना नवल वाटे. शेजारी तिस्सा नावाची कोष्टीण राहत होती. तिचा नवरा नव्हता, मल्ली नावाची एक लहान मुलगी होती. तिस्सा एकदा केरसुणी घ्यायला आली तेव्हा त्यांनी विचारलं, एवढं झाडता तरी काय तुम्ही?

ती हसली. म्हणाली, "काका, विकता तुम्हीच आणि विचारताही तुम्हीच? रात्रीचं पाऊल झाडतो. दुसरं काय झाडणार?"

त्या दिवशी त्यांनी हातातली केरसुणी अर्धी बांधून खाली ठेवली. ती पुढं कधी पुरी झाली नाही. आपल्या घरातलं धान्य कशातून आलं ते त्यांना कळलं. दुसऱ्या दिवसापासून ते बांबूच्या टोपल्या विणू लागले. टोपल्या काही तेवढ्या खपत नसत. आणि त्यांनी आपलं दार झाडायचं सोडलं.

न झाडलेल्या त्या मातीत सकाळी खूप काही दिसायचं. मल्लीला ते पाहायला फार आवडे. ती उकिडवी बसे आणि विचारी, "आजा, हे कुणाचं?" बोधिसत्त्व सांगत, हा कावळा, ही घोरपड, ही शेपूट ओढत गेली. मग ती स्वतःचं पाऊल त्याच्या शेजारी उमटवी. तिच्या डाव्या पायाचा अंगठा आत वळलेला होता. "हे मल्लीचं," असं ती आपली आपणच सांगे.

त्याच मातीत बोधिसत्त्वांना माणसांची पावलंही दिसली. ती तटाकडून येत होती. आळीच्या टोकाशी सांडपाण्याच्या मोरीजवळ तटाला खिंडार पडलं होतं, वाकून माणूस आत येईल एवढं. आळीनं ते गोवऱ्या रचून झाकलं होतं. बोधिसत्त्वांनी गोवऱ्यांमागे दगड रचून पाहिले. सकाळी दगड बाजूला काढून ठेवलेले असत.

आळीचा म्होरक्या धनपाळ होता. बोधिसत्त्व त्याच्याकडे गेले आणि म्हणाले, आपण सगळे मिळून कोतवालाला सांगू. धनपाळ वाईट माणूस नव्हता. कुंभारआळीत त्याची बहीण दिलेली होती, आणि ती उपाशी माहेरी आलेली त्यानं पाहिली होती. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तोंड तुझं आणि पोट आमचं, म्हातारबा. शिपाई तुझ्या टोपल्या नाही खाणार. आमच्या कणग्या खातील."

बोधिसत्त्व म्हणाले, "आज बैल जातोय. उद्या काय जाईल, धनपाळ?"

धनपाळ म्हणाला, उद्याचं उद्या बघू.

मग बोधिसत्त्व एकटेच कोतवालाकडे गेले. जे दिसलं ते सांगितलं, कमी नाही आणि जास्त नाही. कोतवाल पागी घेऊन आला, पण आला तो दुपारी. आळी कशी लख्ख होती. दारोदार सडा आणि रांगोळी. कोतवालानं घरोघर विचारलं. ज्याचं वासरू गेलं होतं त्याच्या खुंटीला तुटकं दावं तसंच लोंबत होतं, तरी तो म्हणाला, वासरू मामाच्या गावी गेलंय. पागी हसला. म्हणाला, चालत गेलं की गाडीत बसून? पण हसण्यापलीकडे त्यानं काही केलं नाही.

बोधिसत्त्वांनी गोवऱ्यांचा ढीग दाखवला आणि म्हणाले, याच्यामागे आहे. कोतवालाचं धोतर पांढरं होतं, मळेल म्हणून तो लांबच थांबला. धनपाळ हात जोडून म्हणाला, म्हातारा एकटा राहतो, रात्री झोप लागत नाही, काहीबाही दिसतं त्याला. बोधिसत्त्व एकेक गोवरी काढून बाजूला ठेवू लागले, पण ढीग मोठा होता. खिंडार उघडं पडेपर्यंत कोतवाल आळीच्या बाहेर गेला होता. पुढं राजवाड्यातून त्या आळीला फुलांचा हार आला. नगरात एवढी स्वच्छ आळी दुसरी नाही, असा निरोप होता.

आळीनं बोधिसत्त्वांशी बोलणं टाकलं. विस्तव देणं बंद केलं, पाणी देणं बंद केलं. कुणाला काही विचारायला गेले तर दार पुढं ओढलं जाई. काढलेल्या गोवऱ्या पुन्हा होत्या तशा रचल्या गेल्या. तिस्सा भीत भीत मल्लीच्या ओच्यात लपवून भाकरी पाठवी. लोकांनी त्यांच्यावर आणखी चिडू नये म्हणून पहाटे ती आपल्या दाराबरोबर त्यांचंही दार झाडून टाकी. त्यांनी सांगून पाहिलं, पोरी, माझं राहू दे. ती म्हणे, "असू द्या काका. तुमच्यानं वाकवत नाही." तिनं ते मायेनं केलं. ते मायेनंच केलं, हे विसरता कामा नये.

मग ती पहाट आली.

तिस्सा रोजच्यासारखी उठली. मल्ली कोपऱ्यात झोपलेली असणार म्हणून तिनं दिवा लावला नाही. दार नुसतं लोटलेलं होतं. तिला वाटलं, रात्री कडी घालायची राहिली. बाहेर आली तर उंबऱ्यापाशी मोठी पावलं उमटलेली. चोर कुणाच्या तरी घरी जाऊन आला आणि माग माझ्या दारात, एवढंच तिच्या मनात आलं. ती भराभर झाडू लागली. उंबऱ्यापासून वाटेपर्यंत झाडलं, मग बोधिसत्त्वांचं दार झाडलं, मग मोरीपर्यंत झाडत गेली. त्या मोठ्या पावलांच्या कडेनं एक लहान पाऊल होतं. कुठं ओढल्यासारखं, कुठं अर्धंच. ते तिनं पाहिलं. पोर काल खेळली असेल, असं वाटून तिनं तेही झाडलं. वरून सडा घातला. केरसुणी काखेत मारून हात धुतले. आणि मल्लीला उठवायला आत गेली.

अंथरूण रिकामं होतं.

हातात केरसुणी तशीच घेऊन ती बोधिसत्त्वांच्या दारात येऊन उभी राहिली. मग म्हणाली, "काका, मल्लीचं पाऊल मी झाडलं."

बोधिसत्त्वांनी तिच्या हातातली केरसुणी काढून घेतली. ती त्यांनीच बांधलेली होती. आपली मूठ त्यांनी ओळखली.

मग ते दोघं निघाले. मोरीपाशी सगळं ओलं आणि सारखं झालं होतं. तटाबाहेरच्या वस्तीत गेले, तिथंही झाडून सडा घातला होता. तिथून वाटा फुटत होत्या, एक रानाकडे, एक नदीकडे, एक दुसऱ्या वेशीकडे. ज्या वाटेला जावं तिथं दारं झाडलेली. ते दारोदार विचारत गेले, पोर नेताना कुणी पाहिलं का, लहान पाऊल कुणी पाहिलं का, डावा अंगठा आत वळलेला. आणि दारोदार बायका पदरानं हात पुसत म्हणाल्या, आमच्या इथून कुणी गेलं नाही. तिस्सा कुणावर रागावली नाही. कालपर्यंत तिनंही हेच उत्तर दिलं असतं. ऊन वर आलं होतं. सगळीकडे ताज्या रांगोळ्या होत्या. त्या दिवशी नगर फार सुंदर दिसत होतं.

धनपाळ धावत मागून आला. त्याचंही तोंड उतरलं होतं. तरी तो म्हणाला, राजाला कळवू नका, आपण आपले शोधू, आळीतले सगळे पुरुष मी काढतो. तिस्सा राजवाड्याच्या वाटेला लागली. तेव्हा तो वाटेतून बाजूला झाला.

दोघं राजासमोर जाऊन उभी राहिली. बोधिसत्त्वांनी सांगितलं, आणि जे दिसलं ते सगळं सांगितलं. राजा म्हणाला, "माझ्या नगरात चोऱ्या होत नाहीत, असं मला सांगतात."

बोधिसत्त्व म्हणाले, "चोऱ्या होतात, महाराज. सांगणं होत नाही. जो सांगेल त्याच्याच चुलीवर शिपाई बसवले, तर सांगेल कोण? लोकांनी चोराला नाही लपवलं. त्यांनी आपली भाकरी लपवली, तीत चोर लपला."

राजा सिंहासनावरून उठला. त्यानं तो कायदा त्याच दिवशी मोडला. तट बांधून काढायला गवंडी पाठवले. रानाच्या वाटेनं घोडेस्वार गेले, नदीच्या वाटेनं गेले, लांबच्या घाटांवर माणसांचा बाजार भरत असे तिथपर्यंत गेले. ते दमून, धुळीनं भरून परत आले. मल्ली मिळाली नाही.

पुढं त्या नगरात नवी रीत पडली. पहाटे उठावं ते आधी आपल्या दारासमोर पाहावं, मग शेजाऱ्याच्या दारासमोर पाहावं, वेगळं काही दिसलं तर हाक मारावी, आणि मग झाडावं. खिंडार दिसलं तर ज्याला दिसलं त्यानं सांगावं, आणि सांगणाऱ्याला आळीनं पाणी विचारावं. बैल जायचे थांबले. धनपाळ स्वतः रात्री फेरी घालू लागला. सगळं चांगलं झालं, आणि ते एका मुलीसाठी उशिरा झालं.

तिस्सानं पुन्हा केरसुणी हातात धरली नाही. बोधिसत्त्व आणि ती रोज सकाळी नदीच्या चिखलातून पावलं पाहत जात. वर्षं गेली तरी जात. एका सकाळी ती मधेच थांबली आणि म्हणाली, "काका, आता ते पाऊल मोठं झालं असेल. दिसलं तरी आपल्याला ओळखू यायचं नाही."

बोधिसत्त्व तिच्याबरोबर चालत राहिले.

शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ही कथा विहारात सांगितली, त्याला एक निमित्त झालं होतं. तिथं एक म्हातारी भिक्षुणी होती. तिला अंगण झाडायला फार वेळ लागे. ती केरसुणी थांबवी, वाकून माती पाही, आणि एखादं पाऊल तसंच सोडून पुढं जाई. उग्गत नावाच्या भिक्खूनं त्यावरून तिची थट्टा केली होती. कथा संपवून शास्ते म्हणाले, भिक्खूंनो, तेव्हाची तिस्सा ती ही भिक्षुणी. तेव्हाचा धनपाळ तो उग्गत. तेव्हाचा राजा तो सीह, जो रोज संध्याकाळी वेशीवर दिवा लावतो तो उपासक. आणि केरसुण्या बांधणारा तो मीच होतो.

उग्गत खाली मान घालून बसला होता. त्यानं विचारलं, "भंते, आणि मल्ली?"

अंगणात भिक्षुणीची केरसुणी चालली होती, ती थांबली आणि पुन्हा चालू झाली. मग शास्ते म्हणाले, जे दिसलं ते, झळ आपल्याला लागली तरी, सांगायचं तिथं सांगणं, ही सत्याची पारमिता, बुद्ध होण्याआधी पुरा करावा लागणारा गुण.

"त्या जन्मी ती माझी पुरी झाली," ते म्हणाले. "मुलगी सापडली नाही."