एकूण गुण

शाळा लवकर सुटली, म्हणून शुद्धलेखन कच्चं आणि शब्द साधे, सांभाळून घ्या.

कॉलेजांच्या पायऱ्या झिजवून हणमंत पार थकला होता. प्रवेश परीक्षेत त्याचे एकूण गुण भरपूर, फक्त इंग्रजी विभागात कमी.

या कॉलेजातही प्राचार्य कडाडले, "एक विभाग कच्चा म्हणजे सगळंच कच्चं! प्रवेश नाही."

हणमंतनं दमल्या आवाजात विचारलं, "सर, फाटकावर 'अ दर्जा'ची पाटी आहे. दर्जाच्या तपासणीत तुमच्या इथल्या कुलूपबंद ग्रंथालयाला किती गुण पडले?"

"तिथंच मार खाल्ला. पण बाळा, दर्जा एकूण गुणांवर ठरतो!"

"मग माझाही तसाच ठरवा की, सर."

प्राचार्यांनी त्याच्या प्रवेश अर्जावर सही केली. दुसऱ्या दिवशी सकाळी हणमंत पहिल्या तासाला वेळेवर आला आणि बाकावर डोकं टेकून गाढ झोपला.